उचल

नारायणगाव-जुन्नरच्या बाजूस ‘उचल’ हा शब्द निदान दोन धंद्यांत चालतो. ऊसतोडणीस जाणारी जोडपी ती मुकादमाकडून घेतात आणि तमाशातील कलावंत फडमालकाकडून. हंगामापूर्वी पैसे हाती पडतात, आणि ते हंगामभर अंगमेहनतीने फेडावयाचे असतात. पैसे माणसाने उचलले असे व्याकरण सांगते. पण दसऱ्यास फड बाहेर पडला की अक्षय्यतृतीयेपर्यंत उचललेला असतो तो माणूसच.

२०११ सालच्या मार्च महिन्यात दिल्लीतील एका प्रकाशनसंस्थेने तुलनात्मक साहित्याच्या एका संशोधक विद्यार्थ्याशी अनुवादाचा करार केला. कादंबरी हिंदी, बुंदेलखंडातली. प्रकरणे १९, शब्द सुमारे १,१०,०००, मुदत एक वर्षाची आणि मोबदला हजार शब्दांस २५० रुपये. एकूण रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे ६,८७५ रुपये, सही करतेवेळीच धनादेशाने मिळाला. करारपत्रात त्यास ‘अग्रिम रक्कम’ म्हटले होते. त्या रात्री त्याने मुनिरक्यातील खोलीवरून नारायणगावास फोन केला आणि वडिलांना सांगितले, “उचल मिळाली.” वडील हसले. म्हणाले, “कोणत्या फडाची?”

त्याची शिष्यवृत्ती त्याच वर्षी संपली होती, प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणे लिहावयाची होती आणि खोलीचे भाडे महिन्याला ४,५०० रुपये होते. वर्षभराच्या कामाचे २७,५०० रुपये म्हणजे सहा महिन्यांचे भाडे. त्यात जेवण धरलेले नाही. हा हिशेब त्याला सही करतानाही ठाऊक होता. साहित्याच्या अनुवादाचे काम पैशासाठी घेत नाहीत, असे त्याच्या विभागात सर्वजण म्हणत. म्हणणाऱ्यांना दर महिन्याच्या अखेरीस वेतन मिळत असे, ही गोष्ट वेगळी.

कादंबरी सांगणारी व्यक्ती एक म्हातारी बाई आहे. सागर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ती आयुष्यभर विड्या वळते, आणि विड्या वळता वळता बोलते. निवेदन तिचेच असल्यामुळे कादंबरीत बुंदेलीखेरीज दुसरी भाषा फारशी नाही. मुलग्यास ती ‘मोड़ा’ म्हणते, मुलीस ‘मोड़ी’; आणि कोणी काही विचारले, सांगितले, सुनावले, तरी बहुतेक वेळा तिचे उत्तर ‘हओ’ एवढेच असते. या ‘हओ’मध्ये होकार असतो, कंटाळा असतो, कधी उघड नकारही असतो. पहिले तीन आठवडे अनुवादक या एका शब्दापाशी अडून बसला होता. प्रमाण मराठीतील ‘होय’ लिहिले की बाई शाळामास्तरीण वाटे. ‘हो’ लिहिले की ती शहरात राहावयास जाई. चौथ्या आठवड्यात त्याला आपल्या आईच्या आईची आठवण झाली. ती संगमनेरास विड्या वळीत असे. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची कापलेली पाने आणि तंबाखू, आणि संध्याकाळी कारखान्याचा माणूस सैल व फाटक्या विड्या वेगळ्या काढून उरलेल्या मोजून घेई. मजुरी हजारावर मिळे. तिच्या तोंडी ‘व्हय’ होते, आणि ते ‘व्हय’ नेमके त्या ‘हओ’च्या उंचीचे होते. त्या दिवसापासून बुंदेलखंडातील म्हातारी संगमनेरच्या मराठीत बोलू लागली. अनुवादकास पुढे शब्द शोधावे लागले नाहीत. ऐकू येत ते तो उतरवून घेई. मजुरी हजारावर मिळण्याची प्रथा दोन्ही धंद्यांत एकच आहे, हेही त्याच्या ध्यानात तेव्हाच आले.

संस्थेत मराठी पुस्तकांचे काम पाहणारे संपादक सागरचेच होते. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून त्या बाजूस मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांतल्या एका घरात ते वाढले. घरात मराठी आणि अंगणात बुंदेली, अशी त्यांची दोन्ही भाषांत सारखीच ये-जा. ही कादंबरी मराठीत आणण्याचा आग्रह त्यांचा होता. पहिली तीन प्रकरणे वाचून त्यांनी अनुवादकास बोलावून घेतले आणि एवढेच सांगितले, “आमच्या अंगणातली आहे ही. मराठी कधी शिकली कोण जाणे.” यापेक्षा मोठी पावती त्याला त्यानंतर मिळालेली नाही, आणि ज्या अर्थी ती त्याला शब्दशः आठवते, त्या अर्थी पुढच्या गोष्टीत तिचा काही वाटा असावा.

नोव्हेंबरात अकरा प्रकरणे पुरी झाली. त्याच आठवड्यात गुडगावच्या (ते गुरुग्राम व्हावयास अजून पाच वर्षे होती) एका कंपनीकडून विचारणा आली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील सूचना मराठीत आणण्याचे काम होते. कंत्राट पहिल्यांदा सहा महिन्यांचे, मोबदला शब्दास दीड रुपया, महिन्यास निदान २०,००० शब्दांची हमी. मात्र दिवसभर कचेरीत बसावयाचे, आठ दिवसांत रुजू व्हावयाचे आणि कंत्राट चालू असेतो लेखनाचे दुसरे कोणतेही काम करावयाचे नाही.

सोडताना त्याने लोकांना जे कारण सांगितले ते वडिलांच्या प्रकृतीचे होते. वडिलांची प्रकृती बरी नव्हती, हे खरे. पण ती मार्चमध्येही बरी नव्हती आणि त्यांनी मुलाकडे पैसे मागितलेले नव्हते. कारण पैशाचेच होते, आणि त्याहूनही थोडे निराळे, सांगण्यास अवघड असे होते. आठ महिने दुसऱ्याच्या म्हातारीचे ऐकून तो थकला होता. मोबदला सहापट मिळतो आहे असे कळताच त्या थकव्याला प्रतिष्ठा आली. नुसत्या कंटाळ्याने काम टाकणाऱ्यास समाज क्षमा करीत नाही. अधिक पैशासाठी टाकणाऱ्याकडे मात्र तो समजूतदारपणे पाहतो.

खोलीतला सोबती साताऱ्याकडचा, कायद्याचा विद्यार्थी. त्याला हे प्रकरण परीक्षेतल्या प्रश्नासारखे आवडले. “अरे, तुला कोण कोर्टात खेचतंय?” तो म्हणाला, आणि मग रात्री उशिरापर्यंत समजावीत बसला. १८७२ च्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणे करार मोडणाऱ्याने स्वाभाविकपणे होणारे नुकसान भरून द्यावे लागते. पण उरलेली आठ प्रकरणे त्याच दराने दुसरा कोणी करून देणार असेल, तर नुकसान ते कसले? काम पुरे करण्याची सक्ती तर नाहीच. जे काम करणाऱ्याच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असते, ते न्यायालय बळाने करून घेत नाही. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर या जर्मन गायिकेने बेंजामिन लम्ली यांच्या रंगमंदिराशी तीन महिन्यांचा करार केला होता. कोव्हेंट गार्डनच्या फ्रेडरिक गाय यांनी अधिक पैसे देऊ केल्यावर ती तिकडे निघाली. न्यायालयाने तिला लम्लींकडे गावयास लावले नाही, तिकडे गाण्यास मात्र मनाई केली. आपल्याकडे १८७७ च्या कायद्यात या तत्त्वाचे उदाहरण दिले, तेही गाणाराचेच. कल्याणच्या एका कारखान्यातील तंत्रज्ञाने पाच वर्षांची मुदत पुरी होण्याआधी कोट्यातील कारखान्यात जास्त वेतनाची जागा घेतली, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्यावरील मनाई कायम केली. “पण तुझ्या करारात दुसरीकडे गाऊ नये असं कुठंच लिहिलेलं नाही,” सोबती म्हणाला. “तू मोकळा आहेस.” योहाना ही रिखार्ड वाग्नर यांची पुतणी होती, ही माहिती त्याने झोपताना दिली. तिचा प्रश्नाशी संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी अनुवादक अकरा प्रकरणांची टंकलिखित प्रत, २१२ शब्दांची एक यादी आणि ६,८७५ रुपयांचा धनादेश घेऊन संपादकांकडे गेला. काम अपुरे सोडल्यास उचल परत करावी, असे कलम करारात होते.

“सर, मला दुसरं काम मिळालंय.”

“किती देतात?”

“शब्दाला दीड रुपया.”

संपादकांनी एका पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. “सहापट,” ते म्हणाले. “तुमच्या वयात मीही गेलो असतो. मुदत सहा महिने वाढवून दिली तर?”

त्याने ते अन्य काम न करण्याचे कलम सांगितले. ते खरे होते, आणि त्या वेळी ते आहे याचे त्याला बरे वाटले.

संपादकांनी शेवटची पाने उलटली. अकराव्या प्रकरणाच्या अखेरीस म्हातारी घर सोडते. धाकटा मुलगा तिला सागरला न्यावयाचा असतो. ती बोचके घेऊन सडकेवर येते, संध्याकाळ होते, आणि बस आलेली नसते. तिथे प्रकरण संपते.

“आणि हिला इथं सडकेवर बसवून चाललात,” संपादक म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी धनादेश परत केला आणि अकरा प्रकरणांचे ६४,००० शब्द धरून १६,००० रुपयांचे देयक करावयास सांगितले. उचल वजा जाता ९,१२५ रुपये त्याला सात महिन्यांनी मिळाले. करारानुसार संस्थेवर तेही बंधन नव्हते. कायद्याच्या भाषेत कोणाचे काही देणे राहिले नाही.

गुडगावचे काम चांगले होते. पैसे ठरलेल्या तारखेस येत, कंत्राट दोनदा वाढले, देणी फिटली, प्रबंधही पुरा झाला. नव्या कामाने त्याला शिक्षा केली असती तर गोष्ट सोपी झाली असती. तसे काही घडले नाही. ‘रद्द करा’, ‘मागे जा’, ‘संदेश जतन केला’ अशा मराठीत त्याचे दिवस जात. पडद्याच्या रुंदीमुळे एकेका सूचनेस अठरा अक्षरांच्या आत बसवावे लागे, आणि या मोजमापात एक निर्मळ आनंद असतो, हे त्याने पुढे अनेकांना सांगितले आहे. त्या मराठीस वय नव्हते, गाव नव्हते, मागे कोणाची आजी नव्हती. ती कोणीही कोठेही सोडावी आणि दुसऱ्याने तिथून पुढे न्यावी. बहुधा त्याचमुळे तिला दीड रुपया मिळत असावा.

या काळात त्याला लहानपणी पाहिलेले फड वारंवार आठवू लागले. नारायणगावात राहुट्या लागत, गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी देण्यास येत, आणि कोणत्या फडातला कोण कोणाकडे गेला याची चर्चा हॉटेलांतून चाले. विठाबाई नारायणगावकरांच्या गावात ही चर्चा साहित्यसमीक्षेच्या तोडीची असते. भर हंगामात सोंगाड्या दुसऱ्या मालकाची मोठी उचल घेऊन निघून गेला, तर शिव्याशाप होत, पैशावरून कज्जा होई. पण त्या रात्रीचा खेळ अडत नसे. दुसरा सोंगाड्या उभा राही. वगातला पुष्कळसा भाग उभ्या उभ्या बोललेला असतो. नवा माणूस आपल्या कोट्या आणि आपली लकब घेऊन येतो, आणि वग त्याच्या मापाचा होतो. काल इथे दुसरे कोणी होते, याची खूण दुसऱ्या गावच्या प्रेक्षकास सापडत नाही. गेलेल्या माणसाची जागा तमाशा एका रात्रीत भरून काढतो. छापील पुस्तकास ती सोय नाही.

पंडितांना यावर बाणभट्ट आठवेल. ‘कादंबरी’ अपुरी ठेवून बाण गेला आणि उत्तरभाग त्याच्या पुत्राने रचला; ग्रंथ खंडित राहिल्याचे सज्जनांना दुःख होते म्हणून आपण हे केले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो आरंभीच सांगतो. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका साहित्यप्रकाराला नाव दिले, तोच दोन हातांचा आहे. दुसरे उदाहरण घरातले. मोल्सवर्थ १८३६ साली प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले आणि इंग्रजी-मराठी कोशाचे काम थॉमस कँडी यांनी पुरे केले. तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. ही उदाहरणे अनुवादकाने स्वतःलाही पुष्कळ वेळा दिली होती. पण बाण मरण पावला होता, मोल्सवर्थ आजारी होते. शिवाय कोशातील शब्द एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बाणाचा उत्तराधिकारी तर त्याच्याच घरात त्याची भाषा ऐकत वाढलेला.

उरलेली आठ प्रकरणे अमरावतीकडच्या एका प्राध्यापिकेने केली. पुस्तक २०१३ मध्ये निघाले. मुखपृष्ठावर नव्हे, पण आतल्या शीर्षकपृष्ठावर दोघांचीही नावे होती, मध्ये ‘आणि’. अनुवादकाने ते मंडी हाउसजवळच्या एका पुस्तक-प्रदर्शनात पाहिले आणि उभ्यानेच १७३ वे पान काढले. बस आली होती. वाहकाने म्हातारीस विचारले, सागरलाच जायचे ना? ती म्हणाली, ‘होय.’

तिथून शेवटपर्यंत ‘होय’च होते. म्हातारीची वाक्ये शुद्ध झाली होती, क्रियापदे जागेवर आली होती. अनुवाद अचूक होता, आणि काही ठिकाणी त्याने केला असता त्यापेक्षा काटेकोर होता. यादीत तर पहिलीच नोंद ‘हओ – व्हय’ अशी होती. तिने ती पाहिलीच नसेल काय?

पुढे दोन वर्षांनी हैदराबादच्या एका चर्चासत्रात त्यांची गाठ पडली. त्याने विचारण्याआधी बाईंनीच विषय काढला. “तुमची यादी माझ्यासमोर होती,” त्या म्हणाल्या. “यादीतले शब्द मी घेऊ शकले असते हो. पण दोन शब्दांच्या मध्ये ती कशी बोलते, ते यादीत नव्हतं. आमच्या वऱ्हाडातली आजी मला ऐकू येत होती. ती बसवली असती, तर म्हातारीला तिसरीच बोली आली असती. मग म्हटलं, जी माझी नाही तिची नक्कल कशाला करायची?” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी चहा आणून दिला आणि त्याच्या प्रबंधाबद्दल विचारले. वऱ्हाडी आजी बसमध्ये चढती तर काय झाले असते, याचा विचार त्याने परतीच्या गाडीत केला. निदान ती बोलली तरी असती, असे त्याला एकदा वाटले. आणि हे ठरविण्याचा आपला अधिकार आपण ९,१२५ रुपयांवर सही करून संपविला, हेही लगेच वाटले. संपादक त्या वेळेपर्यंत निवृत्त होऊन सागरला गेले होते. त्यांनी पुस्तकाची प्रत त्याला पाठविली नव्हती, आणि त्यानेही मागितली नाही.

अलीकडे तो एका केंद्रीय विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून अनुवादविचार शिकवितो. अभ्यागताची नेमणूकही कंत्राटीच असते. या वेळी मात्र मुदत पुरी होण्याआधी त्याला कोठून बोलावणे आलेले नाही. गेल्या सत्रात लातूरच्या एका विद्यार्थिनीने या कादंबरीच्या मराठी अनुवादावर निबंध लिहिला. निवड तिची होती. तिने मोजदाद केली होती: १७२ व्या पानापर्यंत ‘व्हय’ ४१ वेळा येते आणि त्यानंतर एकदाही येत नाही. हा बदल म्हातारी शहराकडे निघते तिथेच होतो, हे तिने बरोबर हेरले होते. तिच्या मते स्थलांतराबरोबर बाईची बोली हिरावली जाते, शहर तिला आपल्या व्याकरणात बसविते, आणि अनुवादाने हे मूळ कथेपेक्षाही धीटपणे दाखविले आहे. चौदा पानांची मांडणी नेटकी होती. परीक्षक दुसरा असता तर त्याने ती छापावयास पाठवा, असे सुचविले असते.

मूळ हिंदीत म्हातारी शेवटच्या पानापर्यंत ‘हओ’ म्हणते. मुलाच्या घरात, दवाखान्यात, सुनेने दार लावून घेतल्यावर बंद दारासमोर, सगळीकडे ‘हओ’. शहराने तिच्याकडून पुष्कळ काही घेतले, तेवढे एक घेतले नाही. कादंबरीकाराने कादंबरी बहुधा त्याच एका गोष्टीसाठी लिहिली असावी. अनुवादकाने निबंधाच्या समासात लिहिले, ‘मूळ शेवटचे प्रकरण पाहावे’, आणि निबंध परत दिला.

आठवड्याने ती त्याच्या खोलीत आली. मूळ पाहून आली होती. शीर्षकपृष्ठावरची दोन नावे तिला पहिल्यापासून ठाऊक होती. विचारणे उद्धटपणाचे दिसेल म्हणून तिने आजवर विचारले नव्हते.

“सर, ‘व्हय’ काढायचं हे तुम्ही ठरवलं होतं की त्या बाईंनी?”

“कोणीच नाही. मी आठ प्रकरणे आधी सोडून गेलो.”

तिने वही उघडली. निबंधाची मांडणी आता बदलावी लागेल, निदान एक टीप तरी द्यावी लागेल, असे ती म्हणाली. आणि टीपेत सोडण्याचे कारण काय लिहावे, असे तिने विचारले. वडिलांच्या प्रकृतीचे वाक्य इतक्या वर्षांनीही त्याच्या जिभेवर तयार होते.

“शब्दास दीड रुपया,” तो म्हणाला.

तिने ते तारखेसह लिहून घेतले.